कुंपणावरची कळलावी

श्रावण अर्धा सरला की कोकणातल्या आमच्या पाणंदीत करवंदीची जाळी पेटते. त्याआधी महिनाभर एक वेल त्या जाळीतून गुपचूप वर चढत असते. तिची पाने करवंदीच्या पानांत मिसळून गेलेली असतात, म्हणून तिच्याकडे कोणाचे लक्ष नसते. मग एका सकाळी जाळीच्या माथ्यावर तांबडी-पिवळी फुले दिसतात. पाकळ्या खालून वर उलटलेल्या, कडा झालरीसारख्या नागमोडी. वर पाऊस, खाली चिखल, आणि त्या ओल्या हिरव्यात ही ज्वाळा. लहानपणी मी तिच्याकडे हात नेला की आजी मागून ओरडायची, "हात लावू नको तिला, घरात भांडणं लागतील!" आणि तीच आजी गौरीच्या आदल्या दिवशी कोयती घेऊन त्याच जाळीपाशी जायची, फुले देठासकट कापून आणायची, आणि विहिरीवर हात दोनदा धुवायची. त्या फुलाला भिणे आणि तेच फूल देवीला वाहणे, दोन्ही गोष्टी तिच्याकडे एकत्र नांदत होत्या. त्यात विसंगती काहीच नव्हती, हे कळायला मला बरीच वर्षे लागली.

हे फूल कळलावीचे. शास्त्रीय नाव ग्लोरिओसा सुपर्बा. कार्ल लिनियसने १७५३ साली दिलेल्या या नावातले दोन्ही शब्द तिच्या दिमाखाचे वर्णन करतात. आफ्रिकेचा उष्ण प्रदेश आणि दक्षिण व आग्नेय आशिया हे तिचे माहेर. या वेलीभोवती दाईचे ज्ञान आहे, वैद्याचे आहे, पेशींवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञाचे आहे आणि तमिळनाडूतल्या शेतकऱ्याचेही आहे. ही चारही माणसे एकमेकांना फारशी ओळखत नाहीत. त्यांचे म्हणणे शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तर सगळ्यांचा भर एकाच गोष्टीवर दिसतो: ही वनस्पती किती घ्यायची, कुठे लावायची आणि कुठे थांबायचे.

आधी नावाकडे पाहू, कारण नावातच निम्मी माहिती दडली आहे. मराठीत कळ म्हणजे वेदना. पोटात कळ येते, बाळंतिणीला कळा येतात. आणि कळ म्हणजे भांडणाची ठिणगीसुद्धा. दोन घरांत कळ लावणाऱ्याला आपण कळलाव्या म्हणतो. बाळंतपणात कळा याव्यात म्हणून जिचा कंद वापरला, ती कळलावी; आणि घरात आणली की भांडण लावते, म्हणूनही कळलावी. हा दुसरा अर्थ मराठीने उगाच चिकटवलेला नाही. संस्कृतात तिला कलिकारी, कलिहारी म्हणतात, आणि कलि म्हणजे कलहच. तेव्हा हा संशय फार जुना आहे. मला वाटते, भांडणाच्या या समजुतीने एक मोठे काम केले: एक जहाल विषारी कंद घराच्या उंबऱ्याबाहेर, पोरांच्या हातापासून लांब ठेवला. विष आहे म्हणून सांगितले तर मूल कुतूहलाने चाटून पाहील. आईबाबांचे भांडण होईल म्हटले की हात मागे घेते. मी घेतला होता.

संस्कृत निघंटूंतली इतर नावेही बघण्यासारखी आहेत. अग्निशिखा आणि वह्निवक्त्रा ही फुलावरून आली. लांगली आणि हलिनी कंदावरून, कारण लांगल आणि हल म्हणजे नांगर, आणि तिचा कंद हुबेहूब नांगराच्या आकाराचा असतो. विशल्या म्हणजे शरीरात रुतलेले शल्य बाहेर काढणारी. आणि गर्भनुत् म्हणजे गर्भ बाहेर ढकलणारी. मराठीत प्रदेशाप्रमाणे खड्यानाग, इंदई, वाघचबका अशीही नावे मिळतात. काही ठिकाणी तिला बचनागही म्हणतात, आणि हे नाव मात्र घोटाळ्याचे आहे. खरा बचनाग हिमालयातला. त्याचे कुळ वेगळे, विष वेगळे, विषाची चालही वेगळी. जडीबुटीच्या बाजारात एकाच्या जागी दुसरा कंद मिसळला जातो, त्याला या नावाच्या सरमिसळीचाही हातभार लागतो.

कोकणात आणखी एक नाव आहे, आणि माझे ते सर्वांत आवडते: गौरीचे हात. भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर गौर येते. आमच्याकडे ती तेरड्याची असते, मुळांसकट उपटलेल्या तेरड्याच्या जुडीची. त्या जुडीला कळलावीची फुले बांधतात, ते तिचे हात. वर वळलेल्या सहा लालसर पाकळ्या पाहिल्या की बोटे वर करून उभ्या राहिलेल्या बाईचा पंजा आठवतो खरा. सह्याद्री ओलांडून पार दक्षिणेला गेलो, तर दोन हजार वर्षांपूर्वीच्या संगम काव्यातल्या तमिळ कवींनीही हेच पाहिले होते. कळलावीला ते कांदळ म्हणत, आणि बायकांच्या बोटांना कांदळाची उपमा देणे हा त्या काव्याचा नेहमीचा संकेत होता. कपिलर या कवीच्या ‘कुरिंजिप्पाट्टु’त डोंगरातल्या मुली नव्व्याण्णव फुले गोळा करतात, त्या यादीत पहिले फूल लाल कांदळाचे आहे. आज ते तमिळनाडूचे राज्यपुष्प आहे. तिकडे ते कार्तिकात फुलते, म्हणून त्याचे लोकांतले नाव कार्तिगै पू. आपल्याकडे भाद्रपदात आणि तिकडे कार्तिकात, याचे कारण साधे आहे. आपला पाऊस नैऋत्येचा. तमिळ देशाला बराचसा पाऊस ईशान्येचा वारा देतो. वेल पावसाचे पंचांग पाळते.

आता वेल जरा जवळून पाहू. पहिला मोड जमिनीतून वर येतो तो मृगानंतर, एखाद्या हिरव्या भाल्यासारखा. हात-दीड हात सरळ वाढला की त्याला आधार लागतो. बहुतेक वेलींना त्यासाठी वेगळे ताणे असतात. कळलावीचे तसे नाही. तिच्या पानाचे टोकच लांब होत जाते आणि शेवटी घड्याळाच्या स्प्रिंगसारखे वळते. ते टोक करवंदीच्या काटकीला टेकले की तिला विळखा घालते. म्हणजे तेच पान अन्नही करते आणि हातही होते. फुलाची कळी हिरवी असते आणि मान खाली घालून लोंबते. उमलताना पाकळ्या मागे वळत वर जातात आणि फूल उलटे झाल्यासारखे दिसते. वनस्पतिशास्त्र या सहा पाकळ्यांना परिदले म्हणते. पहिल्या दिवशी त्या हिरवट पिवळ्या असतात, मग टोकाकडून शेंदरी होत जातात, शेवटी सगळ्याच लालभडक होतात. म्हणून एकाच वेलीवर एकाच वेळी तीन रंगांची फुले दिसतात, आणि अनोळखी माणसाला वाटते की तीन जातीच एकत्र गुंतल्या आहेत.

पाकळ्या वर गेल्यामुळे खाली काय उरते, ते तर फारच सुंदर. सहा पुंकेसर चाकाच्या आऱ्यांसारखे चहूकडे आडवे पसरतात. आणि मधल्या बीजांडकोशातून निघणारी कुक्षीवृंताची हिरवी दांडी सरळ खाली जात नाही. कोपरात हात मोडावा तशी बुडाशीच काटकोनात वळते आणि फुलाच्या बाहेर डोकावते. अशा रचनेमुळे स्वतःचे पराग स्वतःच्याच कुक्षीवर पडणे अवघड होते. मधासाठी येणारी फुलपाखरे आणि शिंजीर एका फुलाचे पराग अंगावर घेऊन दुसऱ्या फुलावर जातात, तेव्हा फळ धरते. या मोडलेल्या कोपराला पुढे शेतीत फार महत्त्व आहे. तिकडे येईनच.

जमिनीखाली कंद असतो, दोन बाहूंचा, इंग्रजी व्ही अक्षरासारखा किंवा आपल्या नांगरासारखा. प्रत्येक बाहूच्या टोकाला एकेक डोळा असतो आणि फूट फक्त तिथूनच येते. बटाट्यासारखे अंगभर डोळे नसतात. टोक मोडले की तो बाहू मेला. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. कोणीतरी दिलेला कंद मी उत्साहाने कुंडीत खोचला, सुरण लावावा तसा उभा, वरून माती दाबून. टोक मोडल्याचे मला कळलेही नाही. सगळा पावसाळा वाट पाहिली आणि दिवाळीत माती उकरली, तेव्हा हाती नुसती साल आली. पुढच्या वर्षी कंद आडवा ठेवला, दोन बोटे मातीखाली, आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मोड आला. दरवर्षी जुना कंद आपला सगळा साठा वेलीला देऊन सुकतो आणि त्याच्या जागी नवा नांगर तयार होतो. म्हणजे वेल वर्षानुवर्षे तिथेच दिसते, पण कंद दरवर्षी नवा असतो.

आता औषधाकडे. आयुर्वेदाने लांगलीची गणना उपविषांत केली आहे. रुई, थोर, धोत्रा, कण्हेर, गुंज आणि अफू ही तिची सोबत. उपविष म्हणजे शोधन केल्याशिवाय न वापरण्याचे द्रव्य. लांगलीच्या कंदाचे काप गोमूत्रात भिजवून शोधन करण्याची पद्धत ग्रंथांत आहे. पारंपरिक उपयोग पाहिले तर बहुतेक सगळे बाहेरून लावण्याचे आहेत. मूळव्याधीसाठीच्या कासीसादी तेलात लांगली असते. त्वचारोगांवर, गाठींवर, विंचू-गोम चावल्यावर कंदाचा लेप देत. डोक्यातल्या उवा मारायला पानांचा रस लावत. गर्भनुत् हे नाव ज्यामुळे पडले, त्या उपयोगातही कंद वाटून तळहात, तळपाय किंवा ओटीपोटावर लेप देत. काही ठिकाणी नुसता कंद दोऱ्याने बांधत. मूल आणि वार बाहेर पडताक्षणी लेप धुऊन टाकायचा, असा दंडक असे. त्या लेपाने कळा खरेच येत का, याला आधुनिक कसोटीवर उतरलेला पुरावा नाही, आणि आज हा प्रयोग कोणीही करता कामा नये. पण त्या दंडकात जे शहाणपण होते त्याची नोंद मी आदराने घेतो. दाईला रसायनशास्त्र माहीत नव्हते. मात्र हे द्रव्य पोटात जाऊ द्यायचे नाही आणि गरजेपेक्षा एक क्षणही अंगावर ठेवायचे नाही, इतके तिला पक्के ठाऊक होते.

जिथे हा दंडक मोडला, तिथे माणसे मेली. नको असलेला गर्भ पाडण्यासाठी कंद खाल्लेल्या बायका, जगणे असह्य होऊन तो खाल्लेली माणसे, आणि तिसरा प्रकार सर्वांत चटका लावणारा: रताळे समजून उकडून खाल्लेली घरेच्या घरे. श्रीलंकेत या वेलीला नियगला म्हणतात, आणि तिथल्या वैद्यकीय साहित्यात अशा विषबाधांच्या नोंदी पुष्कळ आहेत. आपल्या कोकणातही ही भीती खरी आहे, कारण कुंपणात करांदे, कणगी आणि कळलावी एकाच मातीत शेजारी शेजारी असतात. कडू करांदे उकडून, राखेत ठेवून, पाणी बदलून खाण्याजोगे होतात, हा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. त्या अनुभवावर विसंबून कळलावीचा कंद शिजवला तर घात होतो, कारण तिचे विष शिजवल्याने जात नाही.

ते विष म्हणजे कोल्चिसीन. त्याची कथा दुसऱ्याच एका फुलापासून सुरू होते. काळ्या समुद्राच्या पूर्वेला कोल्किस नावाचा प्राचीन प्रदेश होता. त्यावरून कोल्चिकम हे नाव पडले. शरदात फुलणाऱ्या या जांभळ्या फुलाचे कंद युरोपात शतकानुशतके गाऊटवर वापरत. १८२० साली पेलेतिए आणि कावांतू या दोन फ्रेंच औषधशास्त्रज्ञांनी त्यातला अल्कलॉइड वेगळा केला. ज्या वर्षी त्यांनी सिंकोनाच्या सालीतून क्विनीन काढले, तेच हे वर्ष. पुढे कळलावीतही हाच पदार्थ सापडला. पूर्वी लिलीच्या कुळात मोडणारी ही वेल आज कोल्चिकमच्याच कुळात गणली जाते, म्हणजे दोघी नात्यातल्याच. आपल्या वेलीच्या बियांत हे द्रव्य कंदापेक्षाही अधिक असते.

कोल्चिसीन शरीरात काय करते, हे समजले की दाईचे भय आणि डॉक्टरचे औषध दोन्ही एकाच जागी येतात. पेशी दुभंगते तेव्हा गुणसूत्रांच्या जोड्या दोन बाजूंना ओढण्यासाठी पेशीत सूक्ष्म धागे विणले जातात. ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाचे मणी एकापुढे एक जोडत हे धागे तयार होतात. कोल्चिसीन जाऊन त्या मण्यालाच चिकटते आणि धागा विणला जात नाही. गुणसूत्रे दुप्पट झालेली असतात, पण वाटणी होत नाही. म्हणून ज्या पेशी सतत दुभंगत असतात, त्यांना विषाचा फटका आधी बसतो. आतड्याचे अस्तर आधी जाते, म्हणून काही तासांनी ओकाऱ्या आणि जुलाब. मग अस्थिमज्जा, म्हणून रक्तपेशी घटतात आणि रोगी जंतुसंसर्गाला बळी पडतो. जो यातून वाचतो, त्याचे केस आठवड्या-दोन आठवड्यांनी झडतात. आणि सर्वांत धोक्याची गोष्ट ही, की खाल्ल्यावर पहिले काही तास माणूस ठणठणीत दिसतो. घरचे म्हणतात, काही झाले नाही. तेव्हाच त्याला इस्पितळात न्यायला हवे असते. दवाखान्यात सहज मिळेल असा उतारा या विषावर नाही.

हेच धागे पांढऱ्या पेशींना हालचालीसाठीही लागतात. गाऊटमध्ये युरिक आम्लाचे स्फटिक सांध्यात साचतात, पांढऱ्या पेशी त्यांच्यावर तुटून पडतात आणि पायाचा अंगठा आगीसारखा होतो. कोल्चिसीनची अर्धा मिलिग्रॅमची गोळी त्या पेशींची धाव रोखते आणि सूज ओसरते. १९७२पासून भूमध्य समुद्राच्या परिसरातल्या एका आनुवंशिक तापावरही ते दिले जाते. २०२३ साली अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने रोज अर्धा मिलिग्रॅम कोल्चिसीन हृदयविकाराचा धोका कमी करण्यासाठी मान्य केले. कंबर धरली की आपण स्नायू सैल करणारी जी गोळी घेतो, त्यातले थायोकोल्चिकोसाइडही बहुतांशी कळलावीच्या बियांतूनच तयार होणाऱ्या द्रव्यापासून बनते. म्हणजे पाठदुखीसाठी औषधाच्या दुकानात जाणाऱ्या कितीतरी मराठी माणसांच्या हाती नकळत ही वेल येऊन गेलेली असते.

शेतीशास्त्राने तर या विषाचे सोने केले. १९३७ साली अमेरिकेत ब्लेकस्ली आणि एव्हरी यांनी दाखवून दिले की रोपाच्या वाढत्या टोकाला कोल्चिसीन लावले की गुणसूत्रांची संख्या दुप्पट करता येते. वाटणी न झाल्याने दुप्पटच राहिलेली गुणसूत्रे! त्या एका युक्तीने वनस्पतिप्रजननाचे दार उघडले. जपानच्या हितोशी किहारा यांनी तिच्याच आधारे बिनबियांचे कलिंगड घडवले. दुप्पट केलेल्या कलिंगडाचा साध्या कलिंगडाशी संकर केला की तीनपट गुणसूत्रांचे रोप मिळते, आणि त्याला बिया धरत नाहीत. उन्हाळ्यात रस्त्याकडेला कापून ठेवलेली ती लाल, बिनबियांची फोड कळलावीच्याच रसायनाच्या पोटी जन्मलेली आहे.

इतके मोल असलेले बियाणे पिकवते कोण? प्रामुख्याने तमिळनाडू. दिंडिगुल जिल्ह्यातले ओट्टनचत्रम, तिरुप्पूरमधले मूलनूर आणि धारापुरम, करूर, अरियलूर, आणि समुद्रकाठचे वेदारण्यम, असा हा पट्टा. तिकडे या पिकाला ‘कण्वलि किळंगु’ म्हणतात, म्हणजे डोळेदुखीचा कंद. लाल, निचऱ्याची, हलकी जमीन तिला मानवते. पाणी साचले की कंद कुजतो. जुलै-ऑगस्टच्या सुमारास चर खणून साधारण पन्नास-साठ ग्रॅमचे कंद लावतात. दोन ओळींत साठ सेंटिमीटर आणि दोन कंदांत पंचेचाळीस सेंटिमीटर अंतर ठेवले तर एकरी पंधरा हजारांच्या आसपास कंद बसतात, आणि साठ ग्रॅमने हिशेब केला तर ते नऊशे किलो होतात. बियाण्याचा हा पहिलाच खर्च लहान शेतकऱ्याला दडपून टाकणारा आहे. बियांपासून रोपे करता येतात, पण बी रुजायला कित्येक आठवडे घेते आणि फुलावर यायला तीन-चार वर्षे लागतात. तेवढी वाट पाहण्याची ऐपत कोणाची असते?

वेलीला आधार हवा. पूर्वी त्यासाठी किळुवै नावाच्या काटेरी झुडपाच्या फांद्या ओळीने रोवत. त्या जगत आणि जिवंत मांडव होई. आता जस्ती तारांचे मांडव दिसतात. फुले येऊ लागली की खरे काम सुरू होते. मघाशी सांगितलेली ती काटकोनात वळलेली दांडी इथे आडवी येते. शेकडो एकरांवर एकच पीक असताना फुलपाखरांवर आणि शिंजीरांवर भागत नाही, आणि परागण झाले नाही तर फूल नुसतेच गळून जाते. म्हणून सकाळी आठ ते अकराच्या दरम्यान बायका ओळींतून फिरतात आणि एकेका फुलाला हाताने पराग लावतात. एक फूल तोडून हाती घ्यायचे आणि त्याचे पिकलेले परागकोश दुसऱ्या फुलाच्या त्या मोडलेल्या दांडीच्या टोकावर अलगद टेकवायचे. मग पुढचे फूल, मग त्याच्या पुढचे. हा बहर दोन-तीन महिने चालतो, आणि रोज सकाळी हेच. ज्या फुलाला आपण गौरीचे हात म्हणतो, त्याचे फळ तिकडे खरोखरच बाईच्या हाताने धरते.

पिकाला शत्रूही आहेत. सर्वांत देखणा शत्रू म्हणजे पॉलिटेला ग्लोरिओसे या पतंगाची अळी. काळ्या अंगावर पांढरे आणि लाल ठिपके, जणू भरतकाम केलेले. जी पाने माणसाला विष, ती ही अळी दिवसाढवळ्या, कोणाला न भिता खाते, आणि दोन दिवसांत वेल उघडी पाडते. तिच्या शास्त्रीय नावातच कळलावी आहे. पावसाळी हवेत पानांवर करपा येतो. लावणीपासून पाच-सहा महिन्यांनी बोंडे पिवळट पडतात. ती सावलीत वाळवतात, आतले नारिंगी-तांबडे गोल दाणे वेगळे करतात आणि पोत्यांत भरतात.

पुढचा प्रवास शेतकऱ्याच्या हाती नसतो. बिया मूठभर व्यापाऱ्यांकडे जातात, तिथून अर्क काढणाऱ्या कारखान्यांकडे आणि परदेशी. चांगल्या वर्षी किलोचा भाव हजारांत जातो, वाईट वर्षी निम्म्याखाली येतो. बाजार समितीत या बियांचा लिलाव होत नाही, खायचे धान्य नाही म्हणून घरात ठेवून उपयोग नाही, आणि गावात दुसरा गिऱ्हाईक नाही. म्हणून सरकारने किमान भाव ठरवावा ही तिथल्या शेतकऱ्यांची मागणी वर्षानुवर्षे आहे, आणि ती मला पूर्ण न्याय्य वाटते. साखळीच्या दुसऱ्या टोकाला काय घडते, हेही सांगायला हवे. २००९मध्ये अमेरिकेत कोल्चिसीनच्या एका गोळीला रीतसर मान्यता आणि विक्रीचा एकाधिकार मिळाला, तेव्हा काही सेंटांना मिळणारे शेकडो वर्षांचे जुने औषध जवळजवळ पाच डॉलरला एक गोळी असे विकले गेले. त्या भावातला एक पैसाही मूलनूरच्या मांडवाखाली पोचला नाही.

जगात इतरत्र कळलावीचे मुख्य काम शोभेचे. झिंबाब्वेचे ते राष्ट्रपुष्प आहे. १९४७ साली तेव्हाच्या दक्षिण ऱ्होडेशियातल्या शाळकरी मुलांनी राजकन्या एलिझाबेथला या फुलाच्या आकाराची हिऱ्यांची पिन भेट दिली होती. नेदरलँड्समध्ये आणि जपानच्या कोची प्रांतात काचघरांत तिची फुलदाणीसाठी लागवड होते. श्रीलंकेतल्या तमिळांच्या राजकीय लढ्याने तिला आपले प्रतीक केले. आणि ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्यांत बागांतून निसटलेली हीच वेल तण होऊन बसली आहे.

आपल्याकडे मात्र उलटे चित्र आहे. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाने लागवडीला प्राधान्य द्यायच्या वनस्पतींत कळलावीचा समावेश केला, त्याला आता बरीच वर्षे झाली. महाराष्ट्रात तिची शेती तुरळकच दिसते. आपली कळलावी अजून रानातली आणि बांधावरची. ही रानातली वेल दोन बाजूंनी कमी होत गेली. शेतीसाठी लागणारे सुरुवातीचे कंद जंगलातूनच खणले गेले, आणि जडीबुटीच्या व्यापारासाठी आजही खणले जातात. कंद खणला की वेल संपली, फूल तोडले तर नाही, इतका हा साधा फरक आहे. दुसरी बाजू आपल्या दारातली. करवंद, निर्गुडी, शेर यांचे जिवंत कुंपण काढून चिऱ्याचा गडगा घातला, गडग्यावर सिमेंट लिंपले, बांधावर तणनाशक मारले, पाणंद रुंद करताना दोन्ही कडा खरवडल्या, की कळलावीला चढायला काटकी उरत नाही आणि निजायला मातीही उरत नाही. आमच्या पाणंदीतल्या चार जाळ्यांपैकी आता एकच शिल्लक आहे. गेल्या वर्षी तिच्यावर मी अकरा फुले मोजली.

गौरीसाठी फुले आता तालुक्याच्या बाजारात विकत मिळतात. डोंगरातल्या बायका ती पहाटे आणतात, तेरड्याच्या जुड्यांशेजारी हळदीच्या पानांवर मांडून बसतात. मी त्यांच्याकडे नेहमी एक गोष्ट पाहतो, वेल कशी तोडली आहे. बहुतेकींनी वरचा हातभर शेंडाच कोयत्याने छाटलेला असतो, खालचे अंग तसेच ठेवलेले. गेल्या खेपेला एकीला मी विचारले, तर म्हणाली, "कांदो काढून कसां चालात? पुढल्या वर्साक गौरीक हात खयसून देव?"

शहरात ज्यांना ही वेल लावायची असेल, त्यांनी रानातला कंद मागू नये. रोपवाटिकेत वाढवलेला घ्यावा. मे महिन्यात कंद आडवा ठेवावा, डोळा मोडणार नाही याची काळजी घ्यावी, कुंडीला तळाशी भोक मोठे असावे आणि वर चढायला एखादी जाळी. हात धुवावेत, आणि लहान मूल किंवा कुत्रे-मांजर घरात असेल तर कुंडी त्यांच्या आवाक्याबाहेर ठेवावी. कार्तिकात पाने पिवळी पडून वेल वाळते. अनेक जण तेव्हा ती मेली समजून कुंडी रिकामी करतात. पाणी बंद करावे आणि कुंडी सावलीत तशीच राहू द्यावी.

माझ्या कुंडीतली वेल यंदाही दिवाळीच्या सुमारास वाळली. वाळलेल्या बोंडाच्या तीन फाकी उलगडल्या होत्या आणि कडेने तांबडे दाणे रांगेत बसले होते. ते मी गावी नेले आणि उरलेल्या जाळीच्या बुडाशी, करवंदीच्या पाल्याखाली पेरून आलो. फुलावर यायला त्यांना तीन-चार वर्षे लागतील.